जळालेल्या जमिनीचा सांधा

संगणकीय खेळांत आणि चित्रपटांत युद्धभूमी किंवा वणव्यानंतरचे रान दाखवायचे असते, तेव्हा ती सारी जमीन कोणी हाताने रंगवत बसत नाही. जळक्या मातीच्या एका चौरसाचे चित्र घेतात आणि ते फरशीसारखे शेजारी शेजारी मांडत जातात. त्याची डावी कड उजवीशी आणि वरची कड खालचीशी अशी जुळवलेली असते, की सांधा दिसू नये. यालाच ‘सीमलेस टेक्स्चर’ म्हणतात. मराठीत ‘बिनजोड’ म्हणजे ज्याला तोड नाही असा, एकमेव. ही फरशी मात्र उलट्या अर्थाने बिनजोड आहे. तिचा जोड दिसत नाही, कारण तिच्या शेजारी पुन्हा तीच असते.

संगणकातील पृष्ठभागावर चित्राचा पोत चढवण्याची कल्पना एड कॅटमल यांनी यूटा विद्यापीठातील १९७४ च्या प्रबंधात मांडली. ‘ट्रॉन’ (१९८२) या चित्रपटावर काम केलेल्या केन पर्लिन यांनी १९८५ साली, पृष्ठभागाला निसर्गातला अनियमितपणा देणारी गणिती रीत प्रसिद्ध केली. आता तर खऱ्या जमिनीची असंख्य छायाचित्रे घेऊन तिचा रंग, उंचसखलपणा आणि खरखरीतपणा टिपलेले तयार संग्रह मिळतात. तेव्हा हे चित्र वास्तव नाही, असे म्हणणे सोपे राहिलेले नाही. प्रत्येक कण खरा आहे. प्रश्न आहे तो त्या खऱ्या कणांपासून उभ्या राहणाऱ्या वास्तवाचा, आणि हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांना अनोळखी नाही.

फरशी तयार करताना काय गाळले जाते ते पाहावे. अर्धवट जळालेली एखादी काटकी किंवा पांढऱ्या राखेचा ठळक डाग चित्रात राहिला, तर मांडणीत तो ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा डोकावतो आणि बनाव उघडा पडतो. म्हणून असे ठळक विशेष आधीच पुसून टाकतात. म्हणजे वास्तवाचा भास टिकावा यासाठी विशिष्टाचा बळी द्यावा लागतो. रोलाँ बार्थ यांनी १९६८ च्या आपल्या निबंधात फ्लोबेरच्या कथेतील वायुभारमापकाचे उदाहरण घेऊन दाखवले होते, की कथानकाला निरुपयोगी असलेला तपशील ‘मी वास्तव आहे’ एवढेच सांगतो. बिनसांध्याची जळकी जमीन हे त्याच परिणामाचे टोक म्हणावे लागेल. तिथे तर तो एकटा वायुभारमापकही उरत नाही. ‘जळाले आहे’ एवढेच कळते. काय जळाले, कोणी जाळले, कुठपर्यंत जळाले, हे कळत नाही.

वास्तविक आग आपल्यामागे एक लिपी ठेवून जाते. पूर्ण जळालेल्या लाकडाची राख पांढरट होते, अर्धवट जळालेल्याचा काळा कोळसा राहतो, आणि तीव्र उष्णतेने लोहयुक्त माती तांबूस होते. सह्याद्रीच्या उतारावरचा वणवा चढाच्या दिशेने वेगाने धावतो, मध्येच एखादा खडकाळ तुकडा सोडून देतो, आणि त्याची कड वेडीवाकडी असते. कोकणात भाताच्या रोपांसाठी भाजलेला राबही काळाच दिसतो. पण शेण, पालापाचोळा, गवत आणि टहाळे पसरून, वर माती टाकून तो माणसाने मुद्दाम पेटवलेला असतो. त्याची कड आखलेली असते आणि पावसाच्या तोंडावर तिथेच बी पडते. बाँबने भाजलेली जमीन मध्यापासून बाहेर विखुरते. हे तीन काळे रंग एक नव्हेत. त्यांतला फरक मुख्यतः कडेवर वाचता येतो, आणि बिनसांध्याच्या फरशीला कड नसते. परिणामी विध्वंस ही घडलेली गोष्ट राहत नाही, तो जमिनीचा स्वभाव वाटू लागतो.

यावर एक आक्षेप संभवतो. पुनरावृत्ती हा काही स्वतःहून दोष नव्हे. जात्यावरच्या ओवीतही ठरलेले चरण पुन्हा पुन्हा येतातच. हे खरे आहे. परंतु तिथे ठरलेल्या चरणाला लागून गाणारीचा भाऊ येतो, तिचे गाव येते, तिचे दुःख येते. साच्याच्या आधाराने विशिष्टाला जागा मिळते. संगणकचित्रणातील कसलेले कलावंतही हेच करतात. ते फरशीला केवळ पाया मानतात, तिच्यावर दुसरा थर मिसळतात, त्या त्या जागेचे डाग आणि खुणा वेगळ्या लावतात. माझा आक्षेप तंत्रावर नाहीच. पाया हीच इमारत समजण्याच्या सवयीवर आहे.

ही सवय निरुपद्रवी नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘आर्मा ३’ या युद्धखेळाच्या निर्मात्या बोहेमिया इंटरॅक्टिव्ह या चेक कंपनीला निवेदन काढावे लागले, की आपल्या खेळातील दृश्ये युक्रेनमधील युद्धाची म्हणून फिरवली जात आहेत. अशी खोटी दृश्ये ओळखण्याच्या ज्या खुणा कंपनीने दिल्या, त्यांत हलत्या माणसांचा अभाव ही एक होती. मला ती सर्वांत बोलकी वाटते. नाव नसलेली, कड नसलेली, माणूस नसलेली जळकी जमीन आपल्याला ‘युद्ध’ म्हणून पटते, इतके आपण या सामान्यीकृत विध्वंसाला सरावलो आहोत. याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. ज्याला कुठलीही जळकी जमीन सारखीच दिसते, त्याला उद्या खऱ्या गावाचे छायाचित्रही खेळातलेच वाटू शकेल.

आपल्या लेखनातही अशा तयार फरशा आहेत. ‘होरपळलेली धरती’, ‘भकास माळरान’, ‘उद्ध्वस्त गाव’ हे शब्दप्रयोग कुठल्याही दुष्काळाला, कुठल्याही दंगलीला सारखेच बसतात, आणि म्हणूनच कुणाचेच नसतात. वर्गात वर्णनपर उतारा शिकवताना आपण अलंकार विचारतो, रस विचारतो. त्याआधी एक साधा प्रश्न विचारायला हवा: ही जळालेली जमीन कुठे संपते, आणि तिच्या पलीकडे काय आहे? ज्या वर्णनापाशी या प्रश्नाचे उत्तर असते, तिथे कोणीतरी खरोखर उभे राहून पाहिलेले असते. आग कोणी लावली, हे विचारण्याचा अधिकारही वाचकाला तिथूनच मिळतो.