गोळी की पथ्य? वाद नको, विवेक हवा

चातुर्मास लागला की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हटकून येतो. गेल्या वर्षी तो आडतीचा व्यापार करणाऱ्या एका गृहस्थांनी विचारला. वय ५२, वजन ८४ किलो. मागील तीन महिन्यांतील साखरेची सरासरी सांगणारी एचबीए१सी ही तपासणी ८.१ टक्के आली होती. हा आकडा ६.५ किंवा त्याहून अधिक आला की मधुमेह समजावा, हे त्यांना ठाऊक होते. अहवाल माझ्यापुढे ठेवून ते म्हणाले, "डॉक्टर, गोळी तेवढी लिहू नका. एकदा सुरू झाली की जन्माची बेडी. आम्ही कंदमूळ खात नाही, रात्री जेवत नाही. आणखी चार नियम घेतो. साखर आपोआप उतरेल."

शेजारी त्यांच्या पत्नी बसल्या होत्या. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आमच्या थोरल्या दिरांनीही हेच म्हटलं होतं. पाच वर्षं नुसते काढे घेतले, तपासणी केलीच नाही. गेल्या मार्गशीर्षात पायाचं बोट काढावं लागलं."

वाचकहो, या दांपत्याचे दोन्ही बोल खरे होते आणि दोन्ही अपुरे होते. आपल्या परंपरेने अनेकांताची दृष्टी दिली आहे. वस्तूची एकच बाजू धरून बसू नये, असे ती सांगते. मधुमेहाच्या उपचाराला तिचा जेवढा उपयोग होतो, तेवढा क्वचितच अन्यत्र होत असेल.

प्रथम पतीची बाजू पाहू. जीवनशैलीतील बदल हा खराखुरा उपचार आहे. चेन्नईच्या संशोधकांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ भारतीयांचा सुमारे तीन वर्षे अभ्यास केला आणि २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. केवळ आहार व व्यायामाने मधुमेहाचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी घटला. केवळ मेटफॉर्मिन या गोळीने सुमारे २६ टक्क्यांनी. पथ्य गोळीच्या बरोबरीने उतरले. पुढे २०१७ साली ब्रिटनमधील 'डायरेक्ट' या अभ्यासात, निदान होऊन सहा वर्षे न झालेल्या रुग्णांना काही महिने दिवसाला सुमारे ८५० कॅलरींचा आहार वैद्यकीय देखरेखीखाली दिला गेला. वर्षाअखेरीस त्यांतील ४६ टक्के रुग्णांची साखर औषधांवाचून मधुमेहाच्या पातळीखाली होती. ज्यांचे वजन १५ किलो वा अधिक घटले, त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होते. यकृतात व स्वादुपिंडात साचलेली चरबी उतरली की इन्सुलिनचे काम पुन्हा सुधारते, हे त्यामागील कारण. म्हणजे "गोळी ही जन्माची बेडी" हा समज सर्वांना लागू नाही.

आता पत्नीची बाजू. त्याच ब्रिटिश अभ्यासात दोन वर्षांनंतर औषधमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले होते. नियम घेणे सोपे, पाळत राहणे कठीण. १९७७ साली ब्रिटनमध्येच सुरू झालेल्या दीर्घ अभ्यासात नव्याने निदान झालेल्या रुग्णांपैकी केवळ आहारावर असलेल्यांकडे पाहिले, तर नऊ वर्षांनी दहांतील एकाचीही एचबीए१सी धड ७ च्या खाली राहिलेली नव्हती. इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशी वर्षागणिक थकत जातात. त्यात रुग्णाच्या इच्छाशक्तीचा दोष नसतो. शिवाय वाढलेली साखर दुखत नाही. ती डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे आणि पायांच्या नसा निमूटपणे पोखरत राहते. थोरल्या बंधूंचा अपराध पथ्य पाळण्याचा नव्हता, न मोजण्याचा होता.

मग आपल्या आहाराचे काय? कंदमूळ वर्ज्य असल्याने बटाटा व रताळे टळतात, सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाने रात्रीचे खाणे टळते. ही जमेची बाजू. परंतु ताटात भाताचा डोंगर, वर तुपाची धार, पारण्याला शिरा, दुपारी शेव-चिवडा आणि दिवसातून चार वेळा साखरेचा चहा असेल, तर सूर्यास्ताची मर्यादा काय करणार? शाकाहार अहिंसक असतो. तो आपोआप मधुमेहाला हितकर होत नाही.

याउलट आपण सांगत आलेल्या बाह्य तपांची नावे आठवा. अवमौदर्य म्हणजे भुकेपेक्षा कमी खाणे. वृत्तिपरिसंख्यान म्हणजे भोजनाला मर्यादा घालून घेणे. रसपरित्याग म्हणजे तूप, तेल, गोड यांपैकी काही सोडणे. त्यांचा हेतू आत्मशुद्धीचा आहे, साखर उतरवण्याचा नव्हे; तरीही मधुमेहाच्या ताटाला याहून चांगले नियम मी सांगू शकत नाही. भाकरी एक, भात दोन चमचे, मूग-मटकीची उसळ वाटीभर, दोडका-दुधी-गवारीची भाजी भरपूर आणि जेवणानंतर पंधरा मिनिटे चालणे. चालताना स्नायू रक्तातील साखर ओढून घेतात.

या गृहस्थांना मी दोन्ही दिले. सकाळ-संध्याकाळच्या जेवणासोबत मेटफॉर्मिनची ५०० मिलिग्रॅमची गोळी, अर्थात संध्याकाळची सूर्यास्तापूर्वी. आणि सोबत ताटाचा वरील नियम. आकडा ६.६-६.८ असता, लक्षणे नसती, तर तीन महिने केवळ पथ्यावर थांबण्यास मी आनंदाने संमती दिली असती. आकडा दहाच्या वर असता, वजन घटत असते, तहान व लघवी वाढली असती, तर एक दिवसही थांबलो नसतो. ८.१ ला मध्यममार्ग योग्य होता. मूत्रपिंडाची तपासणी आधी करून घेतली. दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेतल्यास ब १२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते आणि शाकाहारी कुटुंबांत ते आधीच कमी असण्याचा संभव असतो. म्हणून त्याचीही तपासणी सांगितली. हातापायांच्या मुंग्या नेहमी साखरेच्याच असतात असे नाही.

भाद्रपद जवळ आला तसा खरा पेच निर्माण झाला. "दशलक्षणात दहा उपवास करायचे आहेत. गोळी बंद ठेवली तर चालेल ना?"

हा प्रश्न विचारला, हीच मोठी गोष्ट होती. अनेक जण विचारत नाहीत. उपवासात काय करावे हे औषधागणिक बदलते. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर सहसा धोक्याइतकी उतरत नाही. परंतु ग्लिमेपिराइड वा ग्लिक्लाझाइड घेऊन, किंवा इन्सुलिन टोचून उपाशी राहिल्यास साखर ७० च्या खाली जाऊन घाम, थरथर, गोंधळ आणि बेशुद्धी येऊ शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे लघवीवाटे साखर व पाणी बाहेर टाकतात. ती चालू ठेवून निर्जल उपवास केल्यास शरीर कोरडे पडते आणि रक्तात घातक आम्ल साचण्याची भीती असते. म्हणून स्वतःच्या मनाने गोळी चालूही ठेवू नये आणि बंदही करू नये. पर्वाच्या किमान दोन आठवडे आधी डॉक्टरांना भेटावे आणि आपला संकल्प त्यांच्यापासून लपवू नये. उपवासात साखर ७० च्या खाली गेली, तर तीन चमचे साखर पाण्यातून त्वरित घ्यावी. बोटातून थेंब घेऊन साखर तपासल्याने किंवा प्राण वाचवण्यासाठी साखर घेतल्याने व्रताचा अनादर होत नाही. आपल्या सोळा भावनांत 'शक्तितस्तप' आहे; तपाला शक्तीची मर्यादा तेथेच सांगितली आहे.

आमचे ठरले ते असे : दहा उपवासांऐवजी पहिल्या व शेवटच्या दिवशी एकाशन, त्या दिवशी एकच गोळी त्या एका भोजनासोबत, पाणी पुरेसे, साखर दिवसातून तीनदा तपासायची. मधले आठ दिवस गोड व तळलेले वर्ज्य. त्यांना प्रथम हे उणे वाटले. अखेरच्या दिवशी मात्र म्हणाले, "एक दिवसाचा उपवास सोपा; आठ दिवस समोरचा लाडू नाकारणं अवघड होतं."

दिवाळीनंतर एचबीए१सी ६.८ आली, वजन ७९ किलो झाले. "आता सोडू का गोळी?" हा प्रश्न अर्थातच आला. मी म्हटले, आणखी सहा महिने याच वाटेने जाऊ. आकडा आणखी उतरला तर गोळी थांबवून पाहू. औषधावाचून किमान तीन महिने तो ६.५ च्या खाली राहिला, तर त्याला आजार शमला असे म्हणतात. पण तपासणी तेव्हाही सुटत नाही. आणि पुन्हा गोळी लागली, तर ती पराभवाची खूण नसेल.

त्या दिवशी त्यांच्यासोबत थोरले बंधूही आले होते. काठी टेकत, प्रथमच. मी त्यांची औषधे लिहिली आणि एक काम धाकट्या भावाला सांगितले : रोज सूर्यास्ताच्या भोजनानंतर दादांचे दोन्ही पाय उजेडात धरून पाहायचे. कोठे चीर, फोड, लाली दिसली तर दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात यायचे.

आता तो नियम दोघेही पाळतात. कधी चुकला तर वहिनी आठवण करतात.