लाटेची गती ओळखावी

नागपूरच्या विमानतळाला लागून वसलेल्या मिहानमध्ये बोइंगने एअर इंडियासाठी उभारलेले विमान देखभाल-दुरुस्ती केंद्र आहे. दुरुस्तीस आलेले विमान हँगरमध्ये उभे राहिले आणि इंजिने बंद झाली, की त्याला बाहेरून वीज पुरवावी लागते. मात्र घरातील किंवा पेढीवरील वीज तेथे तशीच चालत नाही. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० लाटांची असते. बहुतेक मोठ्या प्रवासी विमानांतील वीज ४०० हर्ट्झची असते. या फरकाचे मर्म अकरावीच्या गणितातील एका आलेखात आहे. परीक्षेपुरता घोकून तो विसरला जातो. व्यापाऱ्याच्या घरी तरी तसे होऊ नये.

कोसाइन, म्हणजे आपल्या पूर्वसूरींची कोटिज्या. तिचा आलेख काढण्यास पाच बिंदू पुरतात. ०° वर किंमत १, ९०° वर ०, १८०° वर उणे १, २७०° वर पुन्हा ० आणि ३६०° वर पुन्हा १. येथे एक आवर्तन पूर्ण होते आणि पुढे तीच लाट फिरून येते.

आता 'कोसाइन २क्ष' काढावयाचा आहे. दोनाने गुणले म्हणजे लाट दुप्पट लांब होईल, असे पुष्कळ विद्यार्थी समजतात. घडते नेमके उलट. २क्ष ची किंमत ३६०° होण्यास क्ष ला १८०° पर्यंतच जावे लागते. म्हणून लाट निम्म्या जागेत पूर्ण होते. नियम सोपा आहे : ३६०° ला क्ष च्या गुणकाने भागावे, आवर्तकाल मिळतो. त्याचे चार समान भाग करावेत आणि तेच पाच बिंदू ०°, ४५°, ९०°, १३५° व १८०° वर मांडावेत. गुणक अर्धा असेल, तर आवर्तकाल ७२०° होतो. लाटेची उंची मात्र दोन्ही वेळी तीच राहते.

विजेचा दाब बाजूला ठेवून केवळ गती पाहिली, तर घरची वीज 'कोसाइन क्ष' आणि विमानाची 'कोसाइन ८क्ष' होय. घरच्या विजेची एक लाट २० मिलिसेकंदांची, विमानातील अवघी २.५ मिलिसेकंदांची, एका लाटेच्या जागेत आठ लाटा. वारंवारता अधिक असली की रोहित्राचा लोखंडी गाभा लहान आणि हलका करता येतो, आणि विमानात वजनाला मोल असते. परंतु ४०० हर्ट्झसाठी घडवलेल्या रोहित्राला तेवढ्याच दाबाची ५० हर्ट्झची वीज दिली, तर गाभा संपृक्त होतो, प्रवाह बेसुमार वाढतो आणि रोहित्र जळू शकते.

पेढीवरही अशीच चूक महागात पडते. समजा, एखाद्या मालाची मागणी दर सहा महिन्यांनी शिखर गाठते. व्यापाऱ्याने मात्र ती वर्षातून एकदाच वाढते असे धरले. पहिल्या शिखरापासून सहा महिन्यांनी त्याच्या हिशेबात कोसाइन १८०°, म्हणजे तळ. प्रत्यक्षात कोसाइन ३६०°, म्हणजे शिखर. गिऱ्हाईक दारात आणि कोठार रिकामे! शिवाय प्रत्येक चढउतार या साच्यात बसतोच असे नाही. नागपुरी संत्र्याचे अंबिया आणि मृग असे दोन बहार बाजारात येतात. पण त्यांच्यामधील अंतरे सारखी नसतात, म्हणून तेथे एकच कोसाइन लाट लावणे फसवे ठरेल. आधी दोन-तीन वर्षांच्या वह्या उघडून शिखरे खरोखर समान अंतराने येतात का, हे पाहावे.

राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळी, इ. स. ८५० च्या सुमारास, जैन आचार्य महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' रचला. लौकिक असो वा धार्मिक, प्रत्येक व्यवहारात गणित लागते, असे त्यांनी ग्रंथारंभीच सांगितले. घरातील अकरावीचा मुलगा वा मुलगी आलेखाची वही घेऊन बसली असेल, तर पेढीवरील वडीलधाऱ्यांनी वर्षाची विक्रीवही तिच्याशेजारी ठेवावी आणि दोघांनी मिळून महिन्यांचे बिंदू मांडावेत. मुलांना गणिताचा उपयोग कळेल, आणि पुढील खरेदी अंदाजाऐवजी मोजमापावर होईल.