हत्यार उरले, सामना हरवला

गेल्या काही वर्षांत आपल्या जुन्या हत्यारांना बरे दिवस आले आहेत. २०२४ च्या शिवजयंतीला दांडपट्टा हे महाराष्ट्राचे राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाले. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्यात आली. ती महाराजांनी वापरलेलीच आहेत का, यावर वादही झडला. खुद्द त्या संग्रहालयाचे म्हणणे असे की, तसे खात्रीने सांगता येत नाही. पुढे २०२५ च्या जुलैत युनेस्कोने प्रतापगडासह मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. हत्यारे आली, किल्ल्यांचा मान झाला. अभिमान तर आपल्याकडे कधीच कमी नव्हता. राहता राहिला एक प्रश्न, आणि तो या उत्सवात कोणी विचारल्याचे माझ्या कानावर आले नाही. ही हत्यारे चालवण्याची जी विद्या होती, तिचे आज काय चालले आहे?

ती शिल्लक आहे, असे उत्तर कोल्हापूरकर तत्काळ देतील आणि ते खोटे नाही. मर्दानी खेळांचे आखाडे तेथे अजून चालतात. लाठी, पट्टा, भाला, विटा, ढाल-तलवार ही सगळी हत्यारे मुले-मुली शिकतात आणि मिरवणुकीत, शिवराज्याभिषेकाच्या सोहळ्यात त्यांची प्रात्यक्षिके होतात. जमिनीवर मांडलेली लिंबे पट्ट्याच्या एकेका फटक्यात दुभंगतात, आपण टाळ्या वाजवतो. त्या हातांमागे वर्षानुवर्षांची मेहनत असते आणि ती फुकटात शिकवणारे वस्तादही असतात. त्यांच्याविषयी मला आदरच आहे. परंतु लिंबू परत वार करीत नाही. माझा सगळा मुद्दा या एका गोष्टीत आहे.

शस्त्रविद्येला दोन अंगे असतात. एक हाताचे आणि दुसरे डोक्याचे. हात तालमीने तयार होतो. डोके मात्र तयार होते ते समोरच्या माणसामुळे, जो आपला डाव ओळखतो, चुकवतो आणि उलटवतो. आपल्याच इतिहासात याचे पुरावे आहेत. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी काय घडले ते महाराष्ट्रातील शाळकरी पोरालाही पाठ असते. पण शस्त्रविद्येच्या नजरेने तो प्रसंग आपण क्वचितच पाहतो. वाघनख हे तळहातात दडणारे हत्यार. समोरचा माणूस दोन हात दूर असेल तर त्याचा काडीचा उपयोग नाही. म्हणजे खरी करामत त्या पोलादी नखांची नव्हतीच. बलाढ्य शत्रूला त्याच्या फौजेपासून अलग करून, आपण निवडलेल्या जागी, मिठीच्या अंतरावर आणणे आणि त्या मिठीत दगा होईल हे धरून अंगात चिलखत घालणे, ही ती करामत. पुढच्याच वर्षी घोडखिंडीत बाजीप्रभूंनी याच्या उलट केले. तेथे शत्रू संख्येने भारी होता, म्हणून अरुंद जागा निवडली. एका वेळी मोजकेच लोक समोर येतील अशी. अंतर, वेळ आणि जागा या तीन गोष्टी ज्याच्या हाती, त्याच्या हाती लढत. हत्यार त्यानंतर येते.

ही समज आज कोठे जिवंत दिसते? ऐकायला विचित्र वाटेल, पण ती फेन्सिंगमध्ये दिसते. हा युरोपातला खेळ १८९६ पासून प्रत्येक ऑलिम्पिकमध्ये आहे. चौदा मीटर लांब आणि जेमतेम दोन मीटर रुंद पट्टीवर दोघे समोरासमोर उभे राहतात. हत्यारे तीन. फॉइलचे फक्त टोक चालते आणि ते फक्त धडावर. ईपीचेही टोकच, पण डोक्यापासून पायापर्यंत कोठेही. सेबरने कापताही येते, मात्र कमरेच्या वर. फॉइल आणि सेबरचे वजन अर्ध्या किलोच्या आत असते. नवख्या प्रेक्षकाला दोन माणसे पुढे-मागे नाचताना दिसतात आणि एकदम दिवा लागतो. तेवढ्या क्षणात काय झाले, हे समजले की खेळाची गोडी लागते.

बहुतेक वेळा झालेले असते असे. एकजण मुद्दाम अर्धवट हल्ला करतो. समोरचा तो अडवतो आणि लगेच उलटा वार करतो. पहिल्याला नेमके तेच हवे असते. तो उलटवार येणार हे धरूनच तो पुढे आलेला असतो. तो अडवून तो आपला खरा वार करतो. बुद्धिबळात प्यादे देऊन वजीर टिपावा तसा हा प्रकार, फक्त विचाराला वेळ नाही. यावर तोड म्हणजे हूल ओळखणे, किंवा अर्धे पाऊल मागे सरून तो वार हवेत जाऊ देणे. ज्याला अंतर कळते त्याला निम्मे युद्ध कळते.

सेबर आणि फॉइलमध्ये आणखी एक नियम आहे आणि मला तो फार शहाणपणाचा वाटतो. ज्याने आधी हल्ला सुरू केला, त्याचा हक्क पहिला. दुसऱ्याने तो आधी अडवावा किंवा चुकवावा, मगच वार करावा. दोघांचे वार एकदम लागले तर गुण हल्ला करणाऱ्याला. कारण उघड आहे. तलवार खरी असती तर शहाणा माणूस आधी स्वतःचा जीव वाचवील. दोघांनी एकमेकांना मारून टाकणे हा काही विजय नव्हे. म्हणजे धार काढून घेतली तरी धारेची भीती नियमात राखून ठेवली. सामना हा असा टिकवावा लागतो.

चेन्नईच्या भवानी देवीने हेच सेबर हाती घेतले. शाळेत खेळ निवडायची वेळ आली तेव्हा शिल्लक उरलेली जागा तलवारबाजीचीच होती, आणि आरंभीचा सराव बांबूच्या काठ्यांवर झाला. पुढे केरळातील तलशेरीचे केंद्र, मग इटली. २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये ती उतरली, तेव्हा तो मान मिळवणारी ती पहिली भारतीय तलवारबाज ठरली. पहिली लढत तिने १५-३ अशी जिंकली आणि पुढच्या फेरीत फ्रान्सच्या मानों ब्रुनेकडून ती ७-१५ अशी हरली. २०२३ च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिने जपानच्या जगज्जेत्या मिसाकी एमुराला १५-१० असे नमवून भारताला या स्पर्धेतले पहिले पदक, कांस्य, मिळवून दिले. या मुलीला तिचे डोके कोणी दिले? तिला हरवणाऱ्या परदेशी मुलींनी. दर महिन्याला नव्या प्रतिस्पर्ध्यापुढे उभे राहिल्याशिवाय ते येत नाही.

आता एक योगायोग सांगतो. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये ईपीच्या लढतींत प्रथमच विजेवर चालणारी गुणयंत्रणा आली. त्याच ऑलिम्पिकच्या निमित्ताने अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक बर्लिनला गेले आणि त्याने कबड्डीसह आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. पुढे कबड्डी नियमांत बांधली गेली, १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत पोचली आणि आज घराघरांत दूरचित्रवाणीवर दिसते. शस्त्रांचे खेळ मात्र प्रात्यक्षिकाच्या पायरीवरच थांबले.

आणि असे नाही की आपल्याकडे सामन्याची सोय नव्हती. फरी-गदगा हा आपला जुना खेळ. एका हातात लहान ढाल, ती फरी. दुसऱ्या हातात चामड्याने मढवलेली काठी, तो गदगा. ढाल-तलवारीचा सराव जिवावर न बेतता व्हावा, म्हणून ही तोड काढलेली. पंजाबात याचाच भाऊ शोभावा असा गतका आहे. काठीला गतका म्हणतात आणि ढालीला चक्क फरीच. पंजाब्यांनी गतक्याचे नियम बसवले, लढती घेतल्या. २०२० च्या डिसेंबरात केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने खेलो इंडिया युवा स्पर्धांत चार देशी खेळ घेतले: गतका, केरळचा कलरीपयट्टू, मणिपूरचा थांग-ता आणि आपला मल्लखांब. २०२३ साली गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांतही गतका होता. आमचा फरी-गदगा मात्र नावानेही किती जणांना आठवतो?

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो मी हलका मानत नाही. नियमांनी खेळ बिघडतो, असे जुने वस्ताद म्हणतात. कुस्तीत माती की मॅट, हा वाद कोल्हापूरला नवा नाही. फेन्सिंगचा इतिहासही त्यांच्याच बाजूने साक्ष देईल. दिवा लागला की गुण, असे झाल्यावर दिव्याशी लबाडी करणारेही निघाले. १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये आधुनिक पेंटॅथलॉनच्या बोरिस ओनिश्चेंकोने तलवारीच्या मुठीत कळ बसवली होती. वार न लागता दिवा लागे. पाते चाबकासारखे वळवून प्रतिस्पर्ध्याच्या पाठीला टोक टेकवण्याची युक्ती फॉइलमध्ये इतकी बोकाळली की २००५ साली यंत्राच्या वेळा बदलाव्या लागल्या. आणि धोका संपतो असेही नाही. १९८२ साली रोमच्या जागतिक स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याचे तुटलेले पाते मुखवटा भेदून आत गेले आणि ऑलिम्पिक विजेता व्लादिमीर स्मिर्नोव्ह प्राणाला मुकला. पण त्यानंतर त्यांनी काय केले ते पाहा. खेळ बंद करून पुतळ्यापुढे हात फिरवणे सुरू केले नाही. मुखवटे आणि पाती यांचे पोलाद सुधारले. चूक झाली की नियम बदलायचा, सामना सोडायचा नाही.

दांडपट्ट्याला फेन्सिंगचे नियम जसेच्या तसे लावा, असे मी म्हणत नाही. पट्ट्याची मूठ कोपरापर्यंत हात झाकते, मनगट वळत नाही. वार येतो तो खांद्यातून, गरगर फिरत. अनेकांना एकट्याने दूर ठेवण्याचे ते हत्यार आहे. फेन्सिंग सरळ रेषेत चालते, पट्टा वर्तुळात. त्याला वर्तुळाचाच आखाडा हवा आणि एकाविरुद्ध दोघे-तिघे अशा लढतीचे गुण आपले आपणच ठरवायला हवेत. सुरुवात मात्र फरी-गदग्यापासून करावी. डोक्याला शिरस्त्राण, हाताला मोजे, मऊ आवरणाची काठी आणि पंचाला कळेल असे चार नियम. याला मोठा निधी लागत नाही.

हा प्रश्न इतिहासप्रेमींपुरता नाही. आज अनेक आईबाप मुलीला लाठी-काठीच्या वर्गाला घालतात ते स्वसंरक्षणासाठी. मुलगी उत्तम काठी फिरवू लागते, स्नेहसंमेलनात बक्षीस मिळवते, आणि घरच्यांना वाटते, आता काळजी नाही. ठरवून दिलेला वार ठरवून दिलेल्या वेळी अडवणे ही कवायत झाली. अंगावर येणारा माणूस कवायत शिकून येत नाही. खोटा आत्मविश्वास हा भीतीपेक्षाही वाईट. म्हणून वर्गात नाव घालताना गुरुजींना एकच विचारा: माझ्या मुलीला अडवायचा खराखुरा प्रयत्न करणारे कोणी तिच्यासमोर उभे राहते का? ती तेथे कधी हरते का?

राज्यशस्त्राचा मान पट्ट्याला मिळाला, हे चांगलेच झाले. त्या मानाबरोबर पुढच्या शिवजयंतीला मिरवणूक जरूर निघावी, लिंबेही कापली जावीत. पण त्याच संध्याकाळी एखाद्या तालमीच्या अंगणात फरी-गदगा घेतलेली दोन पोरे समोरासमोर उभी राहिली आणि त्यांतली एक हरली, तर त्या दिवशी ही विद्या एक पाऊल पुढे गेली, असे मी म्हणेन.