तांडेल कोण?

ग्रुपवर रील येतं. निळंशार पाणी, पांढरं शीड, डेकवर पाय पसरून बसलेली सात-आठ पोरं-पोरी. ठिकाण ग्रीस, आणि बोटीवर कॅप्टनच नाही! पाच मिनिटांत सगळ्यांचं 'डन' येतं. कुणीतरी भाड्याला आठने भागून 'अरे, जमेल की' असंही टाकतं.

याला बेअरबोट चार्टर म्हणतात. कॅप्टन नाही, खलाशी नाही, फक्त शिडाची बोट आठवडाभर भाड्याने. आपल्या किनाऱ्याच्या भाषेत, नाखवा बोट ताब्यात देऊन घरी जातो आणि तांडेल तुम्ही व्हायचं. ही ट्रिप जरूर करा. पण तिकिटांचे दर बघायच्या आधी ग्रुपने एका प्रश्नाचं उत्तर द्यावं. आपल्यातला तांडेल कोण?

कागदाचं उत्तर तसं सोपं आहे. क्रोएशियात स्किपरचं सर्टिफिकेट तर लागतंच, व्हीएचएफ रेडिओ वापरण्याचंही लागतं. ग्रीसमध्ये लायसन्सवाल्या स्किपरच्या जोडीला बोटीचा अनुभव असलेला आणखी एक जण हवा. ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समधल्या कंपन्या तुमचा सेलिंगचा रेझ्युमे मागतात. ब्रिटनच्या रॉयल याटिंग असोसिएशनचा 'डे स्किपर' प्रॅक्टिकल कोर्स पाच दिवसांचा असतो. पण त्याआधी पाच दिवस, 100 सागरी मैल आणि रात्रीचे चार तास सेलिंग झालेलं असावं, अशी अपेक्षा असते. म्हणजे रील बघून पुढच्या महिन्यात निघालो, असं होत नाही.

खरी परीक्षा मात्र सर्टिफिकेट मिळाल्यावर सुरू होते. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडून मेल्टेमी नावाचा वारा सुटतो. तो कधी कधी सलग काही दिवस थांबतच नाही. गंमत म्हणजे तेव्हा आकाश स्वच्छ असतं, त्यामुळे फोटोत काहीच कळत नाही. आता समजा, शुक्रवार आहे. शनिवारी सकाळी बोट परत करायची आहे, डिपॉझिट अडकलंय, संध्याकाळची फ्लाइट आहे आणि बाहेर लाटा उसळतायत. सात जण म्हणतायत, 'चल ना यार, काय होतंय!' अशा वेळी 'आज निघायचं नाही' हे कोण म्हणणार? आणि म्हटलं तर बाकीचे ऐकणार का?

मागच्या पावसाळ्यात आम्ही दहा जण ट्रेकला गेलो होतो. परतताना ओढ्याचं पाणी वाढलेलं दिसलं. सगळे थांबलो, एकमेकांकडे बघितलं आणि उतरलो. काही झालं नाही, नशीब. रात्री एसटीत बोलता बोलता कळलं, की दहाही जणांना परत फिरावंसं वाटत होतं. बोललं कुणीच नाही, कारण 'फट्टू' कोण म्हणवून घेणार? आपल्या ट्रिपा अशाच चालतात. प्लॅन सगळ्यांचा असतो, जबाबदारी कुणाचीच नसते. जमिनीवर हे एखाद वेळी खपून जातं. समुद्रात वारा तुमचा पोल बघायला थांबत नाही.

शीड कमी करावं का, असा विचार पहिल्यांदा मनात येतो, तीच ते कमी करण्याची वेळ, असं सेलिंग करणारे सांगतात. वारा वाढल्यावर तेच काम कितीतरी अवघड होतं. नाही म्हणण्याचंही तसंच आहे.

'इतका विचार केला तर मजा काय राहिली?' असं तुम्ही म्हणाल. कमांडर दिलीप दोंदे 2009-10 मध्ये शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले. त्यांची 'म्हादेई' गोव्यात बांधली गेली. पण त्यांची तयारी 2006 पासून सुरू होती, बोट बांधली जात असतानाही. एकट्याने जायचं धाडस त्या तयारीवर उभं होतं.

आपल्याला जग फिरायचं नाहीये, आठवडाभर चार बेटं बघायचीत. मग सुरुवात इथूनच करा. कॉलेजात एनसीसीची नेव्हल विंग असेल तर चौकशी करा, तिथे शिडाची होडी चालवायला मिळते. मुंबईत पावसाळा संपला की सेलिंगचे कोर्स सुरू होतात. पहिल्या परदेशी ट्रिपला पगारी स्किपर घ्या, नाहीतर फ्लोटिला निवडा. त्यात बऱ्याच बोटी एकत्र जातात आणि पुढच्या बोटीवर जाणकार माणसं असतात. एक बेट कमी करा आणि बोट परत द्यायच्या आदल्या दिवशीच मूळ बंदराजवळ या.

आणि निघण्यापूर्वी ग्रुपवर एक मेसेज टाका: 'तांडेल ही. ती परत फिर म्हणाली की फिरायचं, वाद किनाऱ्यावर घालायचा.' त्याला सगळ्यांचं 'डन' आलं, तरच बुकिंग करा.