इंग्रजी शिकवायला परदेशी: एक खोटी आशा आणि एक खोटी निराशा

इंग्रजी घेऊन बी.ए. झालेल्या, एखाद्या खासगी क्लासमध्ये थोडेफार शिकवलेल्या मुलामुलींना परदेशी जाण्याबद्दल सध्या दोन सल्ले मिळतात. पहिला एजंटाचा: ‘अनुभव नको, बी.एड. नको, १२० तासांचा ऑनलाइन कोर्स करा, थायलंड-व्हिएतनाममध्ये नोकरी तयार आहे.’ दुसरा घरातल्या वडीलधाऱ्यांचा, आणि पुष्कळदा महाविद्यालयातल्या प्राध्यापकांचाही: ‘तिकडे गोऱ्यांनाच घेतात, आपल्या इंग्रजीला कोण विचारतो?’ मला दोन्ही चुकीचे वाटतात. त्यातही दुसरा जास्त घातक, कारण एजंटाबद्दल निदान संशय तरी येतो; वडीलधाऱ्यांचा सल्ला अनुभवाचे बोल म्हणून निमूट स्वीकारला जातो.

आधी एजंटाचे पाहू. त्याच्या बोलण्यात एक खरी गोष्ट असते आणि तिच्या आधारावर बाकीचे खपून जाते. आशियात अनेक ठिकाणी इंग्रजी शिकवायला सुरुवातीला बी.एड. लागत नाही, हे खरे. पण पदवी लागते, पोलीस पडताळणीचा दाखला लागतो, पदवी प्रमाणपत्राचे साक्षांकन लागते आणि काम करण्याचा कायदेशीर परवाना लागतो. थायलंडमध्ये नॉन-इमिग्रंट बी व्हिसा, वर्क परमिट आणि तिथल्या शिक्षक परिषदेची परवानगी या तिन्ही गोष्टी हव्यात. ‘टुरिस्ट व्हिसावर या, इथे आल्यावर बदलून देऊ’ असे जो म्हणतो, त्याच्याशी बोलणे तिथेच थांबवावे. सप्टेंबर २०२२मध्ये आपल्या परराष्ट्र मंत्रालयाला थायलंडमधल्या बनावट नोकऱ्यांबद्दल जाहीर इशारा द्यावा लागला होता. आयटीतल्या नोकरीचे आमिष दाखवून नेलेल्या तरुणांना सीमेपलीकडे म्यानमारमध्ये नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपले होते. ते आमिष शिकवण्याच्या नोकरीचे नव्हते, पण तोंडी करार आणि चुकीचा व्हिसा ही वाट तीच. भारतात १९८३च्या एमिग्रेशन कायद्याखाली परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटाला नोंदणी करावी लागते. त्याला उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. नोंदणी आहे की नाही हे सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बसल्या जागी कळते. एवढे तपासायचेही कष्ट न घेता दागिने गहाण ठेवणाऱ्या घरांची मला काळजी वाटते.

आणि ते १२० तास! केंब्रिजचा ‘सेल्टा’ हा जगभर मान्यता असलेला कोर्सही साधारण १२० तासांचाच. पण त्यात किमान सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांपुढे उभे राहून शिकवावे लागते. मागे निरीक्षक बसलेला असतो आणि तास संपल्यावर काय जमले, काय फसले हे तोंडावर सांगतो. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या स्वस्त कोर्सांत बहुधा हीच गोष्ट नसते. व्हिडिओ पाहून, चाचण्या सोडवून घरबसल्या प्रमाणपत्र मिळते. त्याने एखाद्या देशाची कागदी अट पूर्ण होत असेल, पण भाषा न कळणाऱ्या चाळीस मुलांपुढे पहिल्या दिवशी उभे राहताना त्याचा काही उपयोग नाही. कमी अनुभव असणे हा दोष नाही. सगळेच तिथून सुरू करतात. शून्य अनुभवाला प्रमाणपत्राने झाकणे हा मात्र दोष आहे, आणि त्याची किंमत परक्या देशातली मुले मोजतात.

आता दुसरा सल्ला. त्याची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण तिच्यात बरेच तथ्य आहे. दक्षिण कोरियाचा भाषाशिक्षकांचा ई-२ व्हिसा इंग्रजीसाठी सर्वसाधारणपणे अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सातच देशांच्या नागरिकांना मिळतो. चीनमध्येही मुख्य अट इंग्रजीभाषक देशाच्या नागरिकत्वाची. त्यातच २०२१ साली तिथल्या सरकारने शालेय विषयांच्या खासगी शिकवण्यांवर कडक निर्बंध घातले आणि तो बाजारच कोसळला. थायलंडमध्ये एकाच शाळेत एकाच इयत्तेला शिकवणाऱ्या ब्रिटिश आणि फिलिपिनो शिक्षकांच्या पगारांत मोठी तफावत असणे ही नित्याची बाब आहे. हे सगळे आहे आणि ते अन्यायाचे आहे.

पण यावरून ‘आपले इंग्रजी शिकवण्याच्या लायकीचे नाही’ हा निष्कर्ष निघतच नाही. पासपोर्ट पाहून शिक्षक निवडण्यामागे कोणतेही शिक्षणशास्त्र नाही. इंग्रजी शिकवायला जन्माने इंग्रजीभाषक असलेलाच माणूस उत्तम, ही समजूत भाषाभ्यासक रॉबर्ट फिलिपसन यांनी १९९२मध्ये खोडून काढली. १९६१ साली युगांडातल्या मकेरेरे इथे भरलेल्या इंग्रजी अध्यापनाच्या परिषदेत जी गृहीतके रूढ झाली, त्यांतले हे एक, असे त्यांनी दाखवून दिले. पुढे इंग्रजी शिक्षकांच्या ‘टेसॉल’ या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही असा भेदभाव अमान्य असल्याचे अधिकृतपणे जाहीर केले. व्यवहार पाहायचा तर फिलिपिन्समधल्या सेबू आणि बागियो या शहरांकडे पाहा. कोरिया आणि जपानमधले विद्यार्थी पैसे मोजून तिथल्या भाषाशाळांत राहतात आणि फिलिपिनो शिक्षकांकडून इंग्रजी शिकतात. त्या शिक्षकांची मायबोली तागालोग, सेबुआनो अशी एखादी स्थानिक भाषा असते; इंग्रजी त्यांनी आपल्यासारखीच शाळेत शिकून कमावलेली असते.

आपल्या प्राध्यापकांना तर घराजवळचे उदाहरण ठाऊक असायला हवे. काहीतरी करून दाखवायला लावून भाषा शिकवायची, व्याकरण आधी सांगत बसायचे नाही, ही पद्धत आज जगभरच्या प्रशिक्षणात मानाने शिकवली जाते. तिचा एक पाया एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर आणि मद्रास भागातल्या साध्या शाळांत घातला. नकाशावरून वाट शोधा, वेळापत्रकावरून गाडी निवडा, अशी कामे देऊन त्यांनी तिथल्या मुलांना इंग्रजी शिकवली. इंग्रजी अध्यापनाच्या क्षेत्रात भारत देणाऱ्यांतला आहे, आणि आम्ही मात्र आमच्या मुलांना तिथे मागणारे म्हणून पाठवतो.

मराठी माणसाकडे तर आणखी एक गोष्ट आहे आणि तिची किंमत आपण ओळखलेली नाही. मराठी, जपानी आणि कोरियन या तिन्ही भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि इंग्रजी भाषा शब्दाच्या आधी जे जोडते ते या भाषा नंतर जोडतात. ‘मी शाळेत जातो’ असा विचार करणाऱ्याला इंग्रजीत बोलताना सगळे वाक्य फिरवावे लागते. हे फिरवणे आमच्या मुलांनी पाचवीत किंवा पहिलीत घाम गाळून केलेले आहे. (महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांत २०००पासून इंग्रजी पहिलीपासून आहे.) ‘अ’, ‘अॅन’, ‘द’ कुठे लावायचे हे मराठीत नाही, तसेच ते थाई, जपानी, कोरियनमध्येही नाही. ज्याने हे नियम जाणीवपूर्वक शिकले, तो तिथल्या मुलाची चूक होण्याआधी ओळखतो. लहानपणापासून कानावर पडलेली भाषा बोलणाऱ्याला बरोबर काय ते सांगता येते. ते का बरोबर, हे अनेकदा सांगता येत नाही. हंगेरीचे पीटर मेजेश यांनी इंग्रजी नंतर शिकलेल्या शिक्षकांची बलस्थाने मांडली, त्यांत हा मुद्दा ठळक आहे.

आपल्या उणिवाही मान्य केल्या पाहिजेत, कारण त्या दुरुस्त होणाऱ्या आहेत. ‘व्हेरी’ आणि ‘वेल’ यांतल्या पहिल्या व्यंजनांतला फरक आपल्याला शाळेत कोणी नीट शिकवत नाही. ‘फोटोग्राफ’ म्हणताना आघात एका अक्षरावर आणि ‘फोटोग्राफी’ म्हणताना दुसऱ्यावर, हेही आपण कानाने उचललेले नसते. रोज थोडे ऐकून आणि आपला आवाज ध्वनिमुद्रित करून काही महिन्यांत यात दिसेल एवढी सुधारणा होते. उच्चार लंडनचा व्हायला नको. तो स्पष्ट आणि सातत्याचा हवा.

आणि दारे सगळी बंद नाहीत. थायलंडमध्ये शिक्षकाचा परवाना नसलेल्या पदवीधराला शाळेच्या शिफारशीने तात्पुरती परवानगी मिळू शकते आणि तेवढ्या काळात पात्रता वाढवता येते. जपानमध्ये शाळेत परकी भाषा शिकवण्याच्या व्हिसासाठी त्या भाषेच्या माध्यमातून १२ वर्षांचे शिक्षण ही अट आहे. मराठी माध्यमातल्यांना ती आडवी येते, इंग्रजी माध्यमातल्यांना येत नाही. कोरियाशी झालेला आपला आर्थिक भागीदारी करार २०१०मध्ये लागू झाला. त्यात शिक्षक-पात्रता असलेल्या भारतीयांना इंग्रजीचे सहायक शिक्षक म्हणून जाण्याची तरतूद आहे. ती आमच्या बी.एड. महाविद्यालयांत किती जणांना ठाऊक असेल? मालदीवच्या बेटांवरच्या शाळांत भारतीय शिक्षक कित्येक वर्षे आहेत. इथिओपियात सम्राट हैले सेलासी यांच्या काळात भारतातून, विशेषतः केरळातून, मोठ्या संख्येने शिक्षक गेले आणि तिथल्या एका पिढीला त्यांनी शिकवले. केरळने ही वाट मळवली. महाराष्ट्र तिच्याकडे वळला नाही, याला भाषेची कुवत कारणीभूत नव्हती.

म्हणून माझा आग्रह थेट विद्यापीठांकडे आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रात एम.ए.च्या पहिल्या वर्षाला प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाचे ४ श्रेयांक आले आहेत. इंग्रजीच्या विद्यार्थ्याने ते जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत शिकवून मिळवावेत. मागे अनुभवी शिक्षक बसावा, प्रत्येक तासानंतर लेखी अभिप्राय मिळावा, आणि त्याची नोंद विभागाच्या शिक्क्यासह विद्यार्थ्याच्या हाती यावी. ज्यांची पदवी होऊन गेली आहे त्यांनी हेच रात्रशाळेत किंवा वस्तीतल्या अभ्यासिकेत करावे. हैदराबादच्या इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठाचे इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक्रमही पाहावेत. शिकवलेल्या एका तासाचा आराखडा आणि त्याचे ध्वनिचित्रमुद्रण अर्जासोबत पाठवावे. चांगली शाळा तेच आधी पाहील, आणि फक्त पासपोर्ट पाहणाऱ्या शाळेत आमच्या मुलांनी जायचे कारण नाही.