ब्याद टळली, पण गेली कुठे?

कार्यालयात एखादा कर्मचारी डोईजड झाला, की साहेबांच्या हाताला सगळ्यांत आधी लागते ती बदली. फायली अडवून ठेवणे, सहकाऱ्यांना एकमेकांविरुद्ध पेटवणे, भर बैठकीत वरिष्ठांना उलट बोलणे, यांतले काहीही घडलेले असो. आदेशात कारण येते 'प्रशासकीय' आणि माणूस रत्नागिरीहून मंडणगडला किंवा गुहागरहून राजापूरला जातो. खासगी कारखान्यात बदलीला फारशी जागा नसते. तिथे राजीनामा मागून घेतात आणि वर उत्तम वर्तणुकीचा दाखला देतात. मग लोटे असो की मिरजोळे, पुढच्या कंपनीने आपले आपण पाहून घ्यावे. त्रासदायक कर्मचारी हाताळण्याची ही सर्वांत महाग रीत आहे, असे माझे मत आहे. आपल्या गळ्यातली धोंड दुसऱ्याच्या गळ्यात जाते, हा तिचा एक दोष झाला. त्याहून मोठा दोष असा, की उपद्रवी माणूस आणि नुसताच गैरसोयीचा माणूस यांतला फरक बदलीला कळत नाही.

पहिल्या दोषाचे जुने आणि ठसठशीत उदाहरण रत्नागिरीचेच एक माजी कलेक्टर आर्थर क्रॉफर्ड यांचे. ते १८६५ मध्ये मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले. माणूस कर्तबगार होता. मुंबईची घाण हटवण्यात आणि त्यांच्या नावाची मंडई उभारण्यात ते दिसले. पण खर्चाला धरबंध नव्हता, आणि १८७१ मध्ये त्याच कारणाने त्यांना ते पद सोडावे लागले. खासगी कर्जेही सरकारला ठाऊक होती. तरीही हिशोब मागून निकाल लावण्याऐवजी त्यांना मुंबईबाहेर, कोकणात आणि पुढे देशावर नेमणुका मिळत गेल्या. चढत चढत ते पुण्यात मध्य विभागाचे कमिशनर झाले. १८८८ मध्ये प्रकरण फुटले, तेव्हा आरोप होता मामलेदारांकडून नेमणुका, बदल्या आणि बढत्यांसाठी पैसे घेतल्याचा. चौकशी आयोगाने लाचेच्या आरोपातून त्यांना सोडले. हाताखालच्या लोकांकडून कर्जे काढल्याचे मात्र सिद्ध झाले आणि नोकरी गेली. माफीचे वचन देऊन ज्या मामलेदारांच्या साक्षी घेतल्या, त्यांच्यापैकी काहींना नंतर सरकारने घरी बसवले, आणि त्यांची बाजू घ्यायला रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना उभे राहावे लागले. १८७१ मध्येच कसून चौकशी झाली असती, तर हे मामलेदार त्या फेऱ्यात सापडले असते का, हा प्रश्न मला क्रॉफर्डसाहेबांच्या अपराधापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

आता दुसरे टोक पाहा. सनदी अधिकारी तुकाराम मुंढे यांच्या वीस वर्षांच्या सेवेत वीसहून अधिक बदल्या झाल्या. नवी मुंबईत २०१६ मध्ये नगरसेवकांनी त्यांच्याविरुद्ध अविश्वास ठरावच मंजूर केला. त्यांची कार्यशैली कोणाला पटो न पटो, त्यांचे प्रकरण क्रॉफर्डसारखे नाही. म्हणजे दीडशे वर्षांच्या अंतराने, अगदी उलट प्रकृतीच्या दोन माणसांवर हत्यार मात्र एकच चालले. विभागीय चौकशीच्या आरोपपत्राचे तसे नसते. तिथे तारीख, प्रसंग, साक्षीदार आणि मोडलेला नियम लिहावा लागतो. 'हा फार त्रास देतो' एवढ्यावर कागद पुढे सरकत नाही, आणि लिहायला बसल्यावर पुष्कळदा साहेबांच्याच लक्षात येते की त्रास कामाला नव्हता, आपल्याला होता. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सोमेश तिवारी खटल्यात शिक्षेऐवजी केलेली बदली बेकायदेशीर ठरवली. आपल्या राज्याचा २००५ चा बदल्यांचा कायदाही मुदतीआधीच्या बदलीसाठी लेखी कारण मागतो. कारण लिहिण्याची सक्ती झाली, की शब्द 'प्रशासकीय' या गोणपाटात कोंबले जातात, ही गोष्ट वेगळी.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: चौकशी वर्षानुवर्षे चालते, निलंबित माणूस घरी बसून निर्वाह भत्ता घेतो आणि शेवटी न्यायालय त्याला परत आणून बसवते. चौकश्या रेंगाळतात हे खरे. पण त्या रेंगाळाव्यात असे कायदा सांगत नाही. तीन महिन्यांत आरोपपत्र दिले नाही तर निलंबन लांबवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये बजावले आहे. न्यायालये उगाच माणसे परत पाठवतात, हेही पूर्ण खरे नाही. वरिष्ठाला शिवीगाळ केल्याचीच दोन प्रकरणे घ्या. १९८२ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका कामगाराची बडतर्फी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली आणि दोन वेतनवाढी रोखण्यावर भागवले, कारण चौदा वर्षांच्या नोकरीत त्याच्याविरुद्ध एकही नोंद नव्हती. २००५ मध्ये महिंद्र अँड महिंद्रच्या प्रकरणात मात्र कामगार न्यायालयाने कामावर परत घ्यायला लावलेल्या माणसाची बडतर्फी सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. न्यायालय शिक्षा तोलते तेव्हा मागची सेवाही पाहते. दहा वर्षे गप्प बसून अकराव्या वर्षी बडतर्फ करणाऱ्या साहेबाने त्या दहा वर्षांत समोरच्याला स्वतःच्या हाताने स्वच्छ सेवापुस्तक बहाल केलेले असते. पहिल्याच वेळी दिलेले दोन ओळींचे ज्ञापन कोणाची नोकरी घेत नाही; उलट बरेचजण तिथेच सावरतात.

दुसरा आक्षेप आपल्या कोकणाचा आहे आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. इथली बहुतेक आस्थापने लहान: आंबा कॅनिंग, मासळीचे कारखाने, पतसंस्था, हॉटेले. मालक आणि नोकर एकाच गावचे, बहुधा एकाच पालखीला खांदा देणारे. तिथे कारणे दाखवा नोटीस म्हणजे भावकीत वैर, असे म्हणतात. बरोबर आहे, म्हणूनच अशा ठिकाणी बोलणे आधी आणि कागद नंतर असावा. पण तोंडी समज दिल्याची तारीख रजिस्टरात टिपून त्यावर दोघांच्या सह्या घ्यायला कुठल्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही, आणि त्या सहीने नाते तुटत असेल तर ते आधीच तुटलेले होते. सरकारी नोकरीत तर बदलीचा इथे आणखी एक अर्थ होतो. जिल्हा परिषदेचे कितीतरी शिक्षक परजिल्ह्यांतले. आंतरजिल्हा बदलीकडे डोळे लावून बसलेले. अशा ठिकाणी त्रास देणाऱ्याला जिल्ह्याबाहेर पाठवणे हे बक्षीसच ठरते, आणि मुकाट्याने शिकवणारा मागे राहून रिकाम्या पदाचाही वर्ग सांभाळतो.

बदली कधीच करू नये, असे मी म्हणत नाही. दोन चांगली माणसे एका खोलीत नांदत नसतील, तर त्यांतल्या एकाला हलवणे हा शहाणपणा आहे. मात्र अशा वेळी आदेशात तेच कारण लिहावे आणि नव्या ठिकाणच्या साहेबाला त्याची प्रत पाठवावी.