मंचेरियलने काय मागावे?

रामगुंडमच्या औष्णिक वीज केंद्रात निर्माण होणाऱ्या विजेचा काही वाटा गोव्याला मिळतो, ही गोष्ट वीज खात्याबाहेर फारशी कोणाच्या ध्यानात नसते. १९८३ मध्ये या केंद्राचा पहिला संच सुरू झाला आणि आज त्याची क्षमता २६०० मेगावॅट आहे. गोदावरीच्या दोन्ही तीरांवर पसरलेल्या सिंगरेणीच्या कोळसापट्ट्यावर ते उभे आहे. नदीच्या उत्तर तीरावरील या पट्ट्याचे प्रमुख शहर म्हणजे मंचेरियल. पूर्वी ते आदिलाबाद जिल्ह्यात होते. ११ ऑक्टोबर २०१६ पासून ते स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण झाले आहे. ज्या परिसराच्या कोळशावर आपल्या घरांतील दिवे काही अंशी जळतात, त्याच्या भवितव्याचा विचार गोमंतकीय वाचकाने करणे अप्रस्तुत ठरू नये. शिवाय मंचेरियलपुढे आज जो प्रश्न आहे, तो थोड्याफार फरकाने आपल्याही दारात उभा आहे.

प्रश्न असा की, राजधानीपासून दूर असलेल्या प्रदेशाने माहिती तंत्रज्ञानाचे उद्योग आणि डेटा सेंटरे आपल्याकडे खेचण्यासाठी नेमके काय करावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्या बदल्यात काय पदरात पाडून घ्यावे? तेलंगणाने या क्षेत्रात मिळवलेले यश नाकारण्याजोगे नाही. २०२२-२३ मध्ये या राज्याची माहिती तंत्रज्ञान निर्यात २,४१,२७५ कोटी रुपयांवर पोहोचली आणि त्यातील नोकऱ्यांची संख्या नऊ लाखांवर गेली. परंतु ही सारी समृद्धी हैदराबादेत, त्यातही शहराच्या पश्चिम भागात एकवटलेली आहे. तेथून रेल्वेने काही तासांच्या अंतरावरील मंचेरियलला तिचा फारसा स्पर्श झालेला नाही.

मंचेरियलने आजवर राज्याला आणि देशाला काय दिले, याचा हिशेब मोठा आहे. कित्येक दशके सिंगरेणी कंपनी या पट्ट्यातील कोळसा काढीत आहे. जयपूर मंडळातील सिंगरेणीचे स्वतःचे १२०० मेगावॅटचे वीज केंद्र २०१६ मध्ये राष्ट्राला अर्पण झाले. गोदावरीवरील श्रीपाद येल्लमपल्ली धरणाचे पाणी नळावाटे थेट हैदराबादच्या घरांत पोहोचते. म्हणजे कोळसा गेला, वीज गेली, पाणी गेले. आणि शिकलेली मुलेही त्याच दिशेने गेली. सिंगरेणीत एकेकाळी एक लाखाहून अधिक कामगार होते. भूमिगत खाणी मिटत गेल्या, उघड्या खाणींत यंत्रांचे राज्य आले आणि ही संख्या आज चाळीस हजारांच्या आसपास उतरली आहे. बेल्लमपल्लीसारखी गावे खाणीच्या भोंग्यावर जागत आणि झोपत असत. तेथे बापाची नोकरी मुलाला मिळेल, हा भरवसा आता उरलेला नाही. संगणकाच्या उद्योगाकडे तेथील तरुण आशेने पाहतात ते यामुळेच. ती आशा खोट्या आश्वासनांवर पोसली जाऊ नये, एवढ्यासाठी काही गोष्टी स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे.

पहिली गोष्ट अशी की, माहिती तंत्रज्ञानाचे कार्यालय आणि डेटा सेंटर या दोन अगदी भिन्न वस्तू आहेत. राज्यकर्ते मात्र त्यांचा उल्लेख एकाच दमात करतात. कार्यालयात माणसे काम करतात. डेटा सेंटरमध्ये यंत्रे काम करतात. डेटा सेंटर म्हणजे माहितीचे प्रचंड गोदाम. त्याला अखंड वीज लागते, यंत्रे थंड ठेवण्यासाठी पुष्कळदा पाणी लागते आणि जमीन लागते. बांधकाम चालू असेतोवर मजुरांना काम मिळते. ते संपले की हजारो कोटींच्या वास्तूत कायम नोकरीवर राहतात ती शेकड्यांत मोजावी इतकी माणसे. २०२२ च्या केंद्रीय अंदाजपत्रकाने डेटा सेंटरांना पायाभूत सोयींचा दर्जा दिला. तेलंगणाने तर २०१६ मध्येच त्यांच्यासाठी स्वतंत्र धोरण आखले होते. हे योग्यच झाले. पण गुंतवणुकीचा आकडा म्हणजे नोकऱ्यांचा आकडा नव्हे, हे लोकांना सांगण्याची जबाबदारी कोणीही घेत नाही.

दुसरी गोष्ट, ‘आमच्याकडे वीज तयार होते, म्हणून डेटा सेंटर आमच्याकडे यावे’ हा युक्तिवाद ऐकण्यास गोड असला तरी दुबळा आहे. वीज तारांवरून शेकडो मैल जाते. गोव्याचाच दाखला त्यासाठी पुरे. डेटा सेंटरचा मालक आधी ग्राहक कोठे आहेत आणि समुद्राखालून येणाऱ्या केबली कोठे किनाऱ्याला लागतात, ते पाहतो. ऐरोली, महापे, पनवेलच्या परिसरात ही केंद्रे दाटली ती त्यामुळे. हैदराबादेत ती आली ती तेथील ग्राहकवर्ग आणि सरकारी सवलती यांमुळे. गूगलने २०२५ मध्ये विशाखापट्टणमची निवड जाहीर केली, तिच्यामागेही समुद्रकिनारा आहेच. मंचेरियलला समुद्र नाही. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांकडे झेपावतो आणि यंत्रे थंड राखण्याचा खर्च वाढतो. जुलै २०२२ च्या महापुरात गोदावरीचे पाणी शहराच्या सखल वस्त्यांत शिरले आणि नदीकाठच्या माता-बाल रुग्णालयातील रुग्णांना हलवावे लागले, हेही जागा निवडताना विसरून चालणार नाही.

म्हणून मंचेरियलने आशा सोडावी काय? मुळीच नाही. दिल्ली-चेन्नई लोहमार्ग या शहरातून जातो आणि रेल्वेमार्गांच्या कडेने प्रकाशतंतूंचे जाळे धावते. मुख्य केंद्र बंद पडल्यास उपयोगी पडावी अशी माहितीची दुसरी प्रत मूळ ठिकाणापासून दूर ठेवणे हा या व्यवसायाचा नियम आहे. हैदराबादेतील बँका आणि सरकारी खाती यांच्यासाठी तसे मध्यम आकाराचे केंद्र येथे शोभून दिसेल. मात्र खरा भर माणसांना काम देणाऱ्या कार्यालयांवर हवा. करीमनगर आणि खम्मम येथे २०२०, तर महबूबनगर, सिद्दिपेट आणि निजामाबाद येथे २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञानासाठी इमारती उभ्या राहिल्या. इमारत उभारणे हे सर्वांत सोपे काम आहे. ती कामाने भरलेली ठेवणे सर्वांत अवघड. आडात नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार? हा आड म्हणजे शिक्षण. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातच बासर येथे २००८ पासून ग्रामीण मुलांसाठी तंत्रशास्त्राचे निवासी विद्यापीठ चालू आहे. तेथून बाहेर पडणाऱ्या मुलाला घराजवळ परत आणील असे पहिले काम सरकारने स्वतः द्यावयास हवे. सिंगरेणीचा आणि वीज केंद्रांचा संगणकीय कारभार, जमिनीच्या नोंदी, रुग्णालयांचे दप्तर ही कामे पाच वर्षांच्या हमीने मंचेरियल-बेल्लमपल्लीतील कार्यालयांना मिळाली, तर खाजगी कंपन्या आपोआप वाट शोधत येतील. मिटलेल्या खाणींच्या परिसरातील वसाहती आणि कचेऱ्या वापरात आणल्या तर नव्या भूसंपादनाचा प्रश्नही उद्भवणार नाही. याचा लाभ केवळ तेलुगू तरुणांना होईल असेही नाही. किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. प्राणहितेपलीकडच्या सिरोंचातील माणसाला तर आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणापेक्षा मंचेरियल जवळचे आहे. या मराठी मुलखाला हैदराबाद आणि नागपूर दोन्ही सारखीच परकी.

डेटा सेंटर येणारच असेल तर करार करताना अटी स्पष्ट हव्यात. पिण्याच्या पाण्याला हात न लावता शुद्ध केलेले सांडपाणी वापरणे. सिंगरेणीच्या ओसाड जमिनींवरील सौर विजेचा ठराविक वाटा घेणे. तंत्रज्ञांच्या जागांसाठी स्थानिक मुलांना आधी प्रशिक्षण देणे. आणि मिळालेल्या सवलतींचा हिशेब दरवर्षी जाहीर करणे. या अटी न पाळणाऱ्याची सवलत परत घेण्याची तरतूद करारातच असली पाहिजे. गुंतवणूकदार पळून जाईल ही भीती दाखवून या मागण्या टाळण्यात येतील. परंतु जो स्वस्त जमीन आणि स्वस्त वीज एवढ्याचसाठी येतो, तो दुसरीकडे अधिक स्वस्त मिळताच जातो.

गोव्यानेही यातून बोध घेण्यासारखा आहे. दोनापावला येथील नियोजित माहिती तंत्रज्ञान वसाहत लोकांच्या विरोधात आणि वादांत अडकून पडली. तुयेची इलेक्ट्रॉनिक्स वसाहत घोषणेच्या वेगाने भरली नाही. आपली मुले पुणे-बंगळूरची वाट धरतात, तशी मंचेरियलची हैदराबादची. वीज आपण बाहेरून आणतो आणि तमनारच्या वाहिनीसाठी मोले अभयारण्यातील झाडांवर कुऱ्हाड चालणार म्हणून येथे केवढे आंदोलन झाले, हे ताजे आहे. अशा प्रदेशाने वीज गिळणाऱ्या उद्योगाचे स्वागत करताना दोनदा विचार करावा. आणि कोळशाच्या मुलखाने तर तीनदा. मंचेरियलने भरपूर दिले आहे. आता तेथील लोकप्रतिनिधींनी आकड्यांच्या कमानी उभारण्याऐवजी, या करारातून आमच्या किती मुलांना घराजवळ काम मिळणार, एवढा एकच प्रश्न प्रत्येक कागदावर सही होण्यापूर्वी विचारावा. त्याचे उत्तर लेखी मिळत नसेल, तर सही लांबवण्यात काहीही नुकसान नाही.